संन्यासी झाले सावकार!

नोकरीवर लाथ मारून पूर्णवेळ ट्रेडर होण्याचं वेड आज घराघरांत शिरलंय. अडीचशे वर्षांपूर्वी काशीच्या गोसाव्यांनी मात्र चक्क संन्यास घेऊन बाजार काबीज केला होता. त्यांना ते कसं साधलं आणि आजच्या पगारदाराला ते इतकं जड का जातं?

संन्यास घेतला की माणसाचा पैशाअडक्याशी संबंध संपला, अशी आपली साधीसरळ समजूत. अंगावर भगवी कफनी, हाती कमंडलू, पोटापुरती भिक्षा आणि मुखी देवाचं नाव! पण अठराव्या शतकातल्या काशीत एखाद्याला मोठ्या रकमेची नड पडली, तर त्याची पावलं बऱ्याचदा मठाकडे वळत. पूजा आटोपून बसलेला गोसावी खातेवही उघडे आणि व्याजाचा दर सांगे. याच गोसाव्याचा माल तेव्हा नागपूरच्या वाटेवर बैलांच्या पाठीवर लादलेला असे.

ही काही दंतकथा नाही. १७८० च्या दशकात काशी, मिर्झापूर आणि अलाहाबाद (आजचं प्रयागराज) या गावांत सावकारी आणि घर-जमिनीची मालकी या दोन्ही बाबतींत गोसावी आघाडीवर होते, असं इतिहासकार सी. ए. बेली यांनी नोंदवून ठेवलंय. त्याआधी अमेरिकन अभ्यासक बर्नार्ड कोहन यांनी १९६४ साली उत्तर भारताच्या अर्थकारणातल्या गोसाव्यांच्या भूमिकेवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला होता.

हा इतिहास आज उगाळायचं कारण? कारण अगदी घरगुती आहे. चांगली बँकेतली, कंपनीतली, नाहीतर कॉलेजातली नोकरी करणारा मुलगा किंवा जावई एक दिवस जेवताना जाहीर करतो, ‘मी राजीनामा देतोय. यापुढे फुलटाइम ट्रेडिंग!’ आईच्या हातातला घास हातातच राहतो. वडील म्हणतात, हा सट्टा आहे. मुलगा म्हणतो, हा पेशा आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. व्यापार हा पूर्णवेळ पेशा होऊ शकतो, हे काशीच्या गोसाव्यांनी दाखवलंच आहे. मात्र तो कुठल्या पायावर उभा राहतो, हेही त्यांच्याकडूनच शिकावं.

मठ की पेढी?

हे गोसावी म्हणजे दशनामी संन्यासी. गिरी, पुरी, भारती, वन, अरण्य, पर्वत, सागर, तीर्थ, आश्रम आणि सरस्वती अशी त्यांची दहा नावं. ही परंपरा आद्य शंकराचार्यांनी घालून दिली, अशी श्रद्धा आहे. आजही काशीत हनुमान घाटावर जुना आखाडा आहे. शिवाला घाटाला लागून निरंजनी आणि महानिर्वाणी या आखाड्यांच्या नावांचे घाट आहेत. कुंभमेळ्यात शाही स्नानाला निघणारे नागा साधू आपल्याला ठाऊक असतात. पण त्याच परंपरेतल्या मठवासी गोसाव्यांचा हिशेबी चेहरा फारसा कुणी पाहिलेला नसतो.

साधूचा व्यापारी झाला कसा? उत्तर त्याच्या पायांत आहे. संन्याशाला यात्रा चुकत नाही. हरिद्वार, प्रयाग, काशी, जगन्नाथपुरी, उज्जैन, नाशिक... दरवर्षी ठरलेल्या ऋतूत ठरलेली वाट. जिथे यात्रा तिथे जत्रा आणि जिथे जत्रा तिथे बाजार. एका तीर्थात स्वस्त मिळणारी वस्तू दुसऱ्या तीर्थात महाग विकते, हे वर्षानुवर्षं चालणाऱ्याच्या लक्षात न आलं तरच नवल! वाटेवर आपल्याच पंथाचे मठ. राहण्या-जेवण्याची सोय आणि पुढच्या गावचा भाव, दोन्ही तिथे मिळे. साधू म्हणून जकातनाक्यावर झुकतं माप मिळे ते वेगळंच. शिवाय ही मंडळी शस्त्र बाळगून, घोळक्याने चालत. पेंढारी-दरोडेखोरांच्या त्या काळात माल सुखरूप पोचवणं हीच निम्मी कमाई होती.

त्यांचा दरारा किती होता? कॅप्टन हार्डविक या इंग्रज अधिकाऱ्याने १७९६ सालच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्याचं वर्णन लिहून ठेवलंय. त्या मेळ्याचा सगळा बंदोबस्त गोसाव्यांच्या हाती होता. महंतांची सभा रोज बसे आणि तक्रारींचा निवाडा करी.

वऱ्हाडचा कापूस, गंगेचा काठ

काशीपासून साठेक किलोमीटरवर, गंगेच्याच काठी मिर्झापूर आहे. आज गालिच्यांसाठी त्याचं नाव घेतलं जातं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र ही उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या व्यापाराची खिडकी होती. बंगालचं रेशीम आणि कापड नदीने इथवर यायचं, इथून बैलांच्या तांड्यांनी नागपूर आणि पुढे दख्खनेत जायचं. या व्यापारात गोसाव्यांचा मोठा हात होता. उलट दिशेने आपल्याकडचा कापूस मिर्झापुरी जायचा. सुमारे ८०० किलोमीटरच्या या वाटेने १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवरून कापूस रवाना केला, असं जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटलंय.

धनिक गोसाव्यांची वस्ती महाराष्ट्रातही होती. पुण्यात पेशवाईच्या काळात सोमवार पेठेच्या परिसरात ‘गोसावीपुरा’ वसला. शाली, मोती, जवाहीर यांचा व्यापार आणि सावकारी हा तिथल्या गोसाव्यांचा उद्योग. याच पेठेत नागझरीजवळ त्रिशुंड गणपतीचं काळ्या पाषाणातलं देखणं मंदिर आहे. धामपूरच्या भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ साली ते बांधायला घेतलं. त्याच्या तळघरात गोसावी गुरूंची समाधी आहे. दर्शनाला जाणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असेल, की या भिंतींमागे एका व्यापारी पंथाचं वैभवही उभं आहे?

काही गोसावी तर हिमालय ओलांडून गेले. मोती, पोवळी अशा हलक्या पण मोलाच्या वस्तू घेऊन ते तिबेटात जात. पूरणगिरी नावाचा गोसावी १७७४ साली जॉर्ज बोगल याच्या तिबेटमधल्या शिष्टमंडळाबरोबर होता, १७८३ साली सॅम्युअल टर्नरबरोबरही गेला. १७८५ साली तर कंपनी सरकारने त्याला एकट्यालाच पाठवलं आणि तिथल्या व्यापाराची खबर आणवली. पुढे १७९५ साली हावड्याजवळच्या त्याच्या मठावर दरोडा पडला आणि त्यात त्याचा अंत झाला. जोखीम तेव्हाही होती, आणि ती केवळ पैशांची नव्हती.

चेल्याची उमेदवारी

आता खरा मुद्दा. गोसाव्यांच्या यशाचं गमक कशात होतं? धाडसात? नशिबात? धाडसी माणसं तर बाजारात पैशाला पासरी मिळतात. गमक होतं मठाच्या व्यवस्थेत.

पहिली गोष्ट म्हणजे चेला. गोसाव्याचा वारस रक्ताचा नसे, तो निवडलेला असे. लहान वयात मठात आलेला मुलगा वर्षानुवर्षं गुरूच्या हाताखाली राबायचा. मालाची पारख, हिशेब, हुंडी, माणसांची ओळख असं सगळं शिकायचा. लायक निघाला तर कारभार त्याच्याकडे यायचा. गुरूच्या निधनानंतर भंडारा होई, पंथातली मंडळी जमत आणि त्यांच्या संमतीने वारस गादीवर बसे. धंद्यात अक्कल नसलेल्या पोराला केवळ ‘मालकाचा मुलगा’ म्हणून गल्ल्यावर बसवण्याची पाळी मठावर येत नसे.

दुसरी गोष्ट, भांडवल फुटत नसे. सामान्य सावकाराच्या घरी बाप गेला की चार भावांच्या चार वाटण्या होत. मठाला बायको नाही, मुलं नाहीत, मुलीचं लग्न नाही आणि भाऊबंदकी नाही. पिढ्यानपिढ्यांची शिल्लक एकाच थैलीत साठत जायची.

आणि तिसरी, सर्वांत मोलाची गोष्ट. गोसाव्याचं पोट सौद्यावर अवलंबून नव्हतं! त्याला जेवण मठात, निजणं मठात. एक हंगाम वाया गेला, तांडा लुटला गेला, रेशमाचा भाव पडला, तरी संध्याकाळची पंगत चुकत नसे. म्हणून तो थांबू शकायचा. पडत्या भावात घाईघाईने विकायची वेळ त्याच्यावर येत नसे. मूठभर नफा दिसला म्हणून ती लगेच घरखर्चाला काढावी लागत नसे. संन्याशाने संसार सोडला, म्हणून त्याला बाजार झेपला.

हे वैभव कायमचं टिकलं नाही, हेही सांगायला हवं. इंग्रजी अमलात रस्ते सुरक्षित झाले आणि शस्त्रधारी घोळक्याची किंमत उतरली. जकातीतली सवलत गेली. १८७० साली जबलपूरला मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे जोडली गेली, तेव्हा मिर्झापूरची पेठ ओस पडू लागली. पुष्कळ गोसाव्यांनी पैसा जमिनीत आणि घरांत घातला, कित्येक ‘घरबारी’ झाले. ज्या सोयींवर धंदा उभा होता त्या संपल्या, तसा धंदाही संपला. बाजार कुणाचं देणं लागत नाही, मग तो भगव्या कपड्यात का येईना!

मोबाइलवरची एकांडी शिलेदारी

आता आजच्या काळात येऊ. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरचे सौदे सुरू केले आणि दलालाच्या कट्ट्यावरचा बाजार गावोगावी पोचला. २००० साली निर्देशांकाच्या फ्युचर्सचे व्यवहार सुरू झाले, वर्षभरात ऑप्शन्सही आले. शेअर प्रत्यक्ष विकत न घेता त्याच्या पुढच्या भावावर थोड्या पैशांत मोठा सौदा करण्याची ही सोय. मग स्मार्टफोन आला आणि काशीच्या घाटावर किंवा कोल्हापूरच्या रंकाळ्यावर बसून अंगठ्याने सौदा करता येऊ लागला.

परिणाम काय झाला? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी दोन लाख रुपये. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर! खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे किती? फक्त एक टक्का. २०२४-२५ मध्येही चित्र फारसं पालटलं नाही. त्या वर्षी ९१ टक्के लोक तोट्यात होते.

यातले बहुतेक लोक श्रीमंत हौशी नव्हते. २०२३-२४ मध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. ४३ टक्के तर तिशीच्या आतले होते. लागोपाठ तोटा होऊनही चारातले तीन जण थांबले नाहीत.

मग हा पैसा गेला कुणाकडे? २०२३-२४ या एका वर्षात खर्च धरण्यापूर्वी व्यक्तींनी ६१ हजार कोटींच्या वर गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. त्यांच्या नफ्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला होता. म्हणजे आजचे ‘मठ’ हेच! अफाट भांडवल, शिकवून तयार केलेली माणसं, वेगवान यंत्रं आणि एखादं वर्ष वाईट गेलं तरी पगार न चुकणारी व्यवस्था. त्यांच्यासमोर उभा असतो बेडरूममध्ये मोबाइल धरून बसलेला एकटा माणूस आणि त्याच्या मागे घराचा हप्ता.

दहा लाखांचं गणित

घरात बसून पाटीवर मांडता येईल असं एक गणित पाहा. समजा, नोकरी सोडणाऱ्याकडे दहा लाख रुपये आहेत आणि घरखर्च आहे महिना ४० हजार. वर्षाचे झाले चार लाख ऐंशी हजार. म्हणजे केवळ घर चालवायला भांडवलावर ४८ टक्के नफा हवा, तोही दलाली आणि कर वजा जाता! आता समजा, पहिल्या वर्षी नफाही नाही आणि तोटाही नाही. तरी घर खातच होतं. वर्षअखेर उरले पाच लाख वीस हजार. दुसऱ्या वर्षी तेवढ्याच खर्चासाठी लागेल ९२ टक्के नफा! बाजारात एक पैसाही न बुडवता माणूस बुडू शकतो तो असा.

आणि मग सुरू होते घाई. महिनाअखेर जवळ आली की सौदा करावासा वाटत नसतानाही करावा लागतो. शेअर बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्यांचाही सेबीने अभ्यास केला. २०२२-२३ मध्ये त्यांतले दहापैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं. हात जितका चळतो, तितका खिसा गळतो! फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत व्यक्तींनी नुसत्या दलाली-शुल्कापोटी ५० हजार कोटी मोजले. देवाला नारळ पोचो न पोचो, बडव्यांची दक्षिणा ठरलेलीच!

गुरू कोण?

मठातला गुरू आणि आजचा ‘मार्केट गुरू’ यांतला फरकही ध्यानात घ्यायला हवा. मठात चेला चुकला तर गुरूचं स्वतःचं भांडवल बुडायचं. म्हणून गुरू वर्षानुवर्षं पारखून मगच थैली हाती द्यायचा. आज दोन दिवसांच्या शिबिरात ‘महिन्याला लाख कमवा’ शिकवणाऱ्याची फी आधीच वसूल झालेली असते. शिष्य तरला काय अन् बुडाला काय, गुरूचं काय जातं? परवाना नसताना सल्ला विकणाऱ्या अशा अनेकांवर सेबीने गेल्या काही वर्षांत कारवाई केली आहे. सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे की नाही, हे पाहणं घरातल्या कुणालाही सहज जमतं. सेबीची यादी सर्वांना खुली असते.

राजीनाम्याआधी

मग घरातल्या मुलाला काय सांगायचं? ‘सट्टा आहे, सोड’ म्हणून तो ऐकणार नाही. उलट लपून करील आणि लपून केलेला सौदा हा सर्वांत महाग सौदा. त्यापेक्षा त्याच्याशी मठाच्या भाषेत बोला.

आधी उमेदवारी. नोकरी चालू ठेवून निदान दोन वर्षं छोट्या रकमेने सौदे कर आणि प्रत्येक सौद्याची नोंद वहीत ठेव. दलाली, शुल्क, कर वजा जाता काय उरलं ते दर महिन्याला दाखव. तोंडी सांगितलेला नफा हिशेबात धरायचा नाही. ही कमाई प्राप्तिकराच्या विवरणातही दिसली पाहिजे. फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न कायद्याच्या नजरेत धंद्याचंच उत्पन्न असतं, तेव्हा धंद्यासारखेच हिशेब ठेवावे लागतात. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकही हीच विवरणं मागते. पगाराची स्लिप तेव्हा नसेल.

मग चुलीची सोय. निदान दोन वर्षांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, त्याला बाजाराचा वारा लागू द्यायचा नाही. कुटुंबाचा आरोग्य विमा आधी काढायचा, कारण कंपनीचं विम्याचं छत्र नोकरीबरोबर जातं. प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने, आईवडिलांची ठेव आणि उसने पैसे या चार थैल्यांना हात नाही.

आणि शेवटी लक्ष्मणरेषा. किती रक्कम गेली की थांबायचं, तो आकडा पहिल्याच दिवशी कागदावर लिहायचा. कागद बायकोजवळ द्यायचा. निम्मं भांडवल गेलं, तर मूळपदावर यायला उरलेल्या पैशांची दुप्पट व्हावी लागते, हे तिसरीतल्या मुलालाही समजेल. म्हणून रेषा त्याच्या पुष्कळ अलीकडे हवी. ती ओलांडली की नोकरी शोधायची. त्यात कमीपणा कसला? व्यापार आटोपून जमिनीकडे वळलेल्या गोसाव्यांना काही कुणी भित्रं म्हटलं नव्हतं.

या सगळ्यातून जो तावून-सुलाखून निघेल, त्याने खुशाल राजीनामा द्यावा. असे लोक थोडे असतात, पण असतात. बाकीच्यांनी पगार आणि बचत यांवर संसार करावा आणि जमेल तसे चांगले शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवून द्यावेत. मुलगा राजीनाम्याची भाषा बोलला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला एवढंच विचारा, ‘पुढची दोन वर्षं एकही सौदा जमला नाही, तर या घरात भात शिजेल का?’ उत्तर ‘हो’ असेल आणि ते वहीत दिसत असेल, तर पुढचं बोलणं करता येईल.